सहीचा रकाना

कार्यशाळेत मापाचा एकच व्हर्नियर शाबूत होता आणि दोघांचे हात एकदमच त्यावर पडले.

"तू घे आधी," तो म्हणाला. "मी तोवर अंदाजाने मोजतो."

तिला हसू आलं. अंदाजाने मोजणाऱ्याला हसून सोडून द्यायचं असतं, त्याच्यावर भाळायचं नसतं… पण हे तिला चार महिन्यांनी कळलं.

शेवटच्या वर्षाला त्या खेपेस पुस्तकी प्रकल्प नव्हता. एका कारखान्याने खरंच काम दिलं होतं. नव्या बेअरिंगवर पंप सहा दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालवायचा आणि दर अर्ध्या तासाला तापमान लिहायचं. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पानाखाली सही. सरांनी या दोघांची जोडी लावली, तेव्हापासून वर्गातली पोरं विचारत, नक्की तापतंय काय? ती कानापर्यंत लाल व्हायची. तो मात्र तिच्या चष्म्यावरचा तेलाचा डाग रुमालाने पुसून म्हणायचा, "आता नीट बघ. मलाही."

पाचव्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती आली नाही. सहाव्या दिवशी सकाळी तिने त्याचं पान पाहिलं. आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत चढत होते. रोज दुपारी एकला मागचं शटर उघडतं, वारा येतो आणि काटा अर्धा अंश खाली येतो. आधीचे चारही दिवस तो तसा खाली आला होता. कालच तेवढा आला नव्हता.

"तू इथे नव्हतास," ती म्हणाली.

दुपारभर नव्हता, हे त्याने कबूल केलं. मित्रांनी ओढून नेलं होतं. पण चढ तर ठरलेलाच आहे, उद्या कारखान्याचे इंजिनिअर येणार, दोघांनाही नोकरी मिळेल, असं तो समजावत राहिला. तिचं पेन जागचं हललं नाही. मग तो अगदी हळू म्हणाला, "तू मला आवडतेस… पहिल्या दिवसापासून."

या एका वाक्याची तिने चार महिने वाट पाहिली होती.

तिने दुपारच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली, शेजारी 'नोंद घेतलेली नाही' असं लिहिलं आणि मग सही केली.

इंजिनिअरनी ते पान दोनदा वाचलं. तो दिवस पुन्हा करा म्हणाले, आणि नोकरीसाठी फक्त तिचा पत्ता लिहून घेतला.

फाटकापाशी तो थांबला होता. "मी ते सहीसाठी म्हणालो नव्हतो."

"मग आदल्या दिवशी का नाही म्हणालास?"

तो चपलेने खडी उकरत राहिला.

पुन्हा करायच्या दिवशी ती एकटीच आली. एक वाजता शटर उघडलं, वारा आला, काटा अर्धा अंश उतरला. तिने तो लिहून घेतला. सहा वाजता पंप बंद केला आणि सवयीने वही शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे सरकवली.