दुर्गाप्पाची फुंकर

माणच्या माळावर रानगाढवांजवळ जायचं तर आधी गंधकवच चढवावं लागे. डोक्यावरच्या टोपड्यापासून पायापर्यंत अंग झाकणारा हा पोशाख माणसाचा वास आतच कोंडून ठेवी. तो घालून उन्हात अर्धा तास काढला की आतल्या माणसालाही स्वतःचा वास नकोसा होई, पण नियम म्हणजे नियम. कच्छचं छोटं रण समुद्राने गिळलं त्याला तीस वर्षं झाली होती. तिथली रानगाढवं संपली आणि मागे उरल्या त्या फक्त गोठवून ठेवलेल्या पेशी. त्या पेशींतून गर्भ तयार करायचे, साध्या गाढवींच्या पोटी वाढवायचे आणि पिल्लं माळावर मोकळी सोडायची, असा हा प्रकल्प होता. जन्मापासून माणसाचा वासच आला नाही तर पिल्लं माणसाच्या वाटेला जाणार नाहीत, असं प्रकल्पाच्या समितीने गृहीत धरलं होतं. कागदावर ते चांगलं दिसत होतं.

गाढवी मिळाल्या त्या दुर्गाप्पा धोत्रेकडे. दुर्गाप्पा वडार समाजातला. बापजाद्यांनी गाढवांवर दगडमाती वाहिली. पुढे ते काम यंत्रांनी नेलं, तरी दुर्गाप्पाने दहा गाढवी सांभाळल्या होत्या. का, असं कुणी विचारलं तर तो नुसता हसे. प्रकल्पाने गाढवी घेतल्या आणि त्यांच्यासोबत दुर्गाप्पालाही ठेवून घेतलं. दहा पिल्लं झाली. मातकट अंग, पांढरं पोट आणि पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत एक काळसर पट्टा. वर्षभराची झाल्यावर ती माळावर सोडली.

तिसऱ्याच महिन्यात त्यातलं एक रस्त्याकडेच्या ट्रककडे आपणहून चालत गेलं आणि उतरलेल्या माणसाच्या हाताला त्याने नाक लावलं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात ते सगळं दिसत होतं. चार दिवसांनी ओढ्यात त्याचं कातडं सापडलं.

प्रकल्पाची प्रमुख डॉ. अवनी सरमळकर थेट दुर्गाप्पाच्या गोठ्यात आली.

"मामा, खरं सांगा. पिल्लं जन्मली तेव्हा तुम्ही कवच काढलं होतं?"

दुर्गाप्पा बराच वेळ गाढवीची पाठ खाजवत राहिला. "काडलं हुतं."

"किती वेळा?"

"धा पिल्लं, धा डाव."

"का पण?"

"पिल्लू भुईवर पडलं की त्येच्या नाकात आपण फुंकर घालायची. माझ्या बानं शिकिवलं. मग ते जलमभर आपल्याला इसरत न्हाई."

"मामा, आपल्याला तेच तर नको होतं."

"कळत हुतं की, बाई. पर पयलं पिल्लू पडलं ते श्वासच घीना. कवचातनं कशी फुकायची? काडलं टोपडं. आन येकीला दिल्यावर बाकीच्यांनी माझं काय घोडं मारलं हुतं?"

अवनीला रागावायचं होतं, पण जमलं नाही. दुर्गाप्पाने मग जेजुरीच्या बाजाराची गोष्ट सांगितली. पौष पौर्णिमेला तिथे गाढवांचा बाजार भरे. तेव्हा तो लहान होता. बापाने सात वर्षांपूर्वी विकलेलं एक गाढव परक्या मालकाबरोबर तिथे आलं होतं. दीडशे पावलांवरून त्याने मान वर केली, दावं हिसडलं आणि गर्दीतून वाट काढत बापाच्या छातीला येऊन डोकं लावलं. "बा तितंच खाली बसला. तेला रडताना मी तेवढ्या येकाच डावाला बघितलं."

समितीपुढे आता दोन वाटा होत्या. एक, उरलेल्या नऊ जणांना कायमचं कुंपणात ठेवायचं. दुसरी वाट अवनीची होती आणि तिला ती 'भयवारसा' म्हणे.

तिने दुर्गाप्पाला ती सोपी करून सांगितली. एखादा वास आला की लगेच इजा होते, असं पुन्हा पुन्हा घडलं, तर जनावर त्या वासाला घाबरू लागतं. यात नवल नाही. नवल पुढे आहे. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत अशा उंदरांची पिल्लंही त्या वासाने दचकली होती, आणि त्यांना कुणी कधी इजा केलेली नव्हती. जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर बारीक खुणा उमटतात आणि आईबापांकडून पिल्लांकडे जातात. उंदरांत त्या दोन-तीन पिढ्यांत पुसल्या जात. अवनीच्या प्रयोगशाळेने त्या पक्क्या करण्याचं औषध शोधलं होतं.

"वीस पिढ्या टिकतील. शंभरेक वर्षं," ती म्हणाली. "पण वास तुमचाच लागेल, मामा. त्यांचा माणसावरचा विश्वास तुमच्या वासाला बांधलेला आहे. तो तिथेच तुटला पाहिजे. मग ती सगळ्याच माणसांना भितील. तुम्हाला सर्वांत जास्त."

"आन कुंपणात ठिवली तर?"

"तर तुम्ही रोज त्यांच्यात बसू शकाल. कवचाशिवाय. तुमची ना असेल तर समिती कुंपणच घालेल."

कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल असं हे आमिष होतं, आणि दुर्गाप्पाच्याही सुटलं. दोन दिवस तो कुंपणाच्याच गोष्टी करत होता. सावलीला लिंब लावू, पाण्याला दगडी कुंडी मी घडवतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अवनीला माळाच्या कडेला घेऊन गेला. खाली नऊ जनावरं वाऱ्यावर उधळली होती.

"तेंच्या पाठी बघा," तो म्हणाला. "मी आयुष्यात हजार गाढवं बघितली आसतील. पाठीला घट्टा न्हाई, असं मोठं गाढव न्हाई बघितलं. बाची बी तसलीच, माझी बी तसलीच. ही बघा कशी कोरी हायत. कुंपणात घातली तर उद्या कुनीतरी वझं टाकंलच. करा तुमचं काय ते."

नऊही जनावरांना औषध टोचून आवारात आणलं आणि तीन आठवडे ते चाललं. जाळीमागे दुर्गाप्पा उघड्या अंगाने बसे आणि पाठीमागचा पंखा त्याचा वास आवारात सोडे. ताजाच वास लागतो, नुसत्या कपड्याने भागत नाही. जनावरं जाळीशी आली की पायाखालच्या पत्र्यातून विजेचा हलका झटका बसे. पहिल्या दिवशी ती कान टवकारून धावत आली. दुसऱ्या दिवशीही आली. पाचव्या दिवसापर्यंत बहुतेकांनी येणं सोडलं. जिच्या नाकात त्याने सर्वांत आधी फुंकर घातली होती, तिला तो पैली म्हणे. पैली अकराव्या दिवसापर्यंत येत राहिली. झटका खाई, मागे सरे, आणि थरथरत पुन्हा जाळीला नाक लावी. दुर्गाप्पा तोंडात मुंडाशाचं टोक कोंबून बसून राही. त्याला तिला हाक मारायची होती. बाराव्या दिवशी ती आली नाही, आणि अवनीने कागदावर 'यशस्वी' असं लिहिलं.

कळप पुन्हा माळावर सोडला. दोन वर्षांनी पैलीला पिल्लू झालं, तिथेच, कुणाच्या मदतीविना. त्या पिल्लाने माणूस कधी पाहिला नव्हता, की त्याचा वासही घेतला नव्हता. ते तीन महिन्यांचं झाल्यावर चाचणी ठरली. आधी एक रखवालदार कवच काढून वारा येत होता त्या बाजूला उभा राहिला. तीनशे पावलांवर पिल्लाने मान वर केली आणि ते आईमागे सरकलं. मग दुर्गाप्पाची पाळी आली. तो टेकाडावर, चांगला मैलभर लांब होता. त्याने टोपडं काढलं, मग सगळं कवचच उतरवलं. वारा खाली गेला.

शेजारी कवचात उभ्या अवनीने दुर्बिणीतून पाहिलं. पैली अजून चरतच होती. पिल्लू तिच्याआधी ताठ झालं, जागच्या जागी शहारलं आणि आईसाठीही न थांबता सुसाट सुटलं.

"मामा," ती दुर्बीण खाली करत म्हणाली, "मला माफ करा."

"माफी कशापायी?" दुर्गाप्पा अजून तिकडेच बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. "माझ्या बाला दीडशे पावलांवनं वळाखलं हुतं. ह्येनं मैलावनं वळाखलं."

त्याने मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले.

"मी गेल्याव काय हुईल, बाई?"

"जन्मणारं प्रत्येक पिल्लू तुमची भीती घेऊनच येईल. शंभर वर्षं. फक्त तो वास पुन्हा कधी येणार नाही."

"म्हंजी वाट बघत ऱ्हातील म्हना की."

त्याने कवच पुन्हा चढवलं नाही, नुसतंच खांद्यावर टाकलं. घराची वाट टेकाडावरून सरळ खाली जात होती, पण दुर्गाप्पा ओढ्याला वळसा घालून, वास कळपाकडे जाणार नाही अशा वाऱ्याखालच्या बाजूने निघाला. तासभर जास्त चालावं लागणार होतं. पिल्लू आईजवळ परत आलं असेल, ते पुन्हा पळायला नको.