सहा ऑक्टोबरची पाचवी घटना

तो पेपरच्या ऑफिसात आला तेव्हा ती टेबलाखाली होती. कपाटाच्या एका खणाचं बूड पुन्हा निघालं होतं आणि कार्डांवर नोंदलेला अख्खा ऑक्टोबर फरशीवर पसरला होता.

"जिवंत माणसं मारायचं काम इथंच चालतं का?" वरून आवाज आला. आवाज चिडलेला नव्हता, हसू दाबल्यासारखा होता.

ती घाईनं उठली ती डोकं आपटूनच. चष्म्याची काडी केव्हाची सैल होती, तो घसरून ओठांवर आला. समोर तिशीचा एक उंच तरुण उभा होता. त्याच्या हातात आजचा पेपर होता आणि पेपरात तिच्या चौकटीभोवती लाल पेनानं गोल काढलेला.

ही चौकट म्हणजे 'दिनविशेष'. आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, ते रोज दहा-बारा ओळींत. शब्दकोड्याच्या खाली, कोपऱ्यात. पण तिचा जीव होता त्या कोपऱ्यावर. ऑफिसात सगळे तिला तारीखबाई म्हणत आणि तिला ते आवडायचंही.

"निधन, सहा ऑक्टोबर," त्यानं वाचून दाखवलं. "नदीवरच्या मोठ्या पुलाचे अभियंता. हे माझे आजोबा. आत्ता घरी बसून चहा पितायत. आज चौऱ्याऐंशी पूर्ण झाली त्यांना."

तिला आठवलं. गेल्या आठवड्यात हाच खण असाच पडला होता. जन्माची कार्डं पुढे, निधनाची मागे, अशी त्या कपाटाची जुनी पद्धत. कार्डावर नुसती तारीख, साल, नाव, कामाची एक ओळ आणि साक्षी; जन्म की निधन, ते नाही. घाईत तिनं ती गोळा करून ठेवली, आणि पुढचं एक मागे गेलं.

"आजोबा म्हणाले," तो पुढे म्हणाला, "मेल्यावर चौतीस वर्षांनी मी पूल बांधला, एवढं तरी त्या मुलीनं वाचून बघायचं होतं."

"अगं बाई," ती पुटपुटली. "फार... फार वाईट वाटलं का त्यांना?"

"छे. चार जणांना फोन करून सांगितलं. पण चष्मा मीच करून दिलाय ना त्यांना, म्हणून सगळं खापर माझ्यावर. म्हणे, इतकं स्वच्छ दिसायची गरज नव्हती." मग तो थांबला, तिच्याकडे बघत राहिला आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

"काय?"

"चष्मा. बघवत नाही मला. दुकान आहे माझं चष्म्याचं, पलीकडच्या चौकात."

तिनं मुकाट्यानं दिला. चष्म्याशिवाय तिला पुढचं सगळं धूसर. एक पांढरा शर्ट, खिशातून निघालेला इवलासा स्क्रू-ड्रायव्हर, एवढंच काय ते कळलं. मग त्यानं स्वतःच चष्मा तिच्या नाकावर बसवला, कानामागे दोन थंडगार बोटं टेकवून काडी तपासली.

"दिसतंय आता?"

नीट दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे त्याचे डोळे. फार जवळ होते.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि उगाचच फरशीवरची कार्डं गोळा करायला खाली बसली.

संपादकांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "वर्षातली तिसरी चूक," ते म्हणाले. "दुरुस्ती उद्या छापू. पण त्या आजोबांकडून महिनाअखेरपर्यंत मला पत्र हवं, की त्यांची काही तक्रार नाही. नाही आलं, तर एक तारखेपासून ही चौकट बाहेरून तयार घेऊ आणि तुम्ही जाहिरातींच्या टेबलावर."

झालं. सहा वर्षं ज्या कपाटावर जीव लावला, ते आता एका रागावलेल्या म्हाताऱ्याच्या हातात होतं.

म्हातारा रागावलेला नव्हताच, हे तिला शनिवारी कळलं. दुकानावरच्या खोलीत तो खिडकीशी बसला होता आणि मांडीवर तिचीच चौकट होती.

"पत्र लिहीन की," आजोबा म्हणाले. "पण बाई, माझ्या तारखेला तू काहीच घडू दिलेलं नाहीस. पाच ऑक्टोबरला बघ, केवढी गर्दी. सात तारखेला बघ. आणि सहाला? एक भूकंप, तोही लांबचा. मी जन्मलो त्या दिवशी या गावात कधी काही घडलंच नाही होय? पाच घटना शोधून आण. या गावातल्या. मग पत्र."

"आजोबा, हा निव्वळ अडेलतट्टूपणा आहे," नातू म्हणाला.

"तू गप्प. तुला काय, शनिवारी दुकान अर्धा दिवस बंदच असतं. जा तिच्याबरोबर, मदत कर."

नातू गप्प बसला. अगदी लगेच गप्प बसला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

मग वाचनालयातल्या मागच्या खोलीत जुन्या पेपरांचे गठ्ठे निघाले. तो भिंग घेऊन आला होता. मुंगीएवढी अक्षरं तो वाचायचा, ती लिहून घ्यायची. पहिल्या शनिवारी एक सापडली: सहा ऑक्टोबरला गावात रस्त्यावरचा पहिला दिवा लागला होता. दुसऱ्या शनिवारी एकही नाही, पण दोघं चार तास बसली. निघताना तो म्हणाला, "आज काहीच मिळालं नाही." ती म्हणाली, "हो ना." आणि दोघांचेही चेहरे काही मिळालं नाही असे दिसत नव्हते.

"सर्कशीतलं अस्वल सुटलं होतं," आजोबांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं. "माझ्या सातव्या वाढदिवसाला. बेकरीत शिरलं आणि पाव खाऊन झोपलं."

"छापता नाही येणार नुसतं असं," ती म्हणाली. "प्रत्येक कार्डाला दोन साक्षी लागतात. खाली दोन ओळी असतात बघा, पहिली साक्ष आणि दुसरी साक्ष."

"माणसाची साक्ष चालते?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"चालते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं तर. सही मात्र हवी."

आजोबांनी ऐटीत सही केली. दुसरी साक्ष तिसऱ्या शनिवारी जुन्या पेपरात सापडली, तीन ओळींची, बेकरीवाल्याच्या तक्रारीसकट. ती दोघं इतकी हसली की ग्रंथपालबाईंनी दारातून डोकावून बघितलं.

"तुम्ही नेहमीच अशा हसता?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही नेहमीच असे बघता?"

"धंदाच आहे माझा. लोकांच्या डोळ्यांत बघायचं."

"सगळ्यांच्या एवढा वेळ?"

तो भिंग पुसायला लागला. स्वच्छच होतं ते. त्या दिवशी आणखी एक घटना मिळाली, शाळेची घंटा चोरीला गेल्याची, आणि चौथी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, एकतीस तारखेला: नाटकगृहात नायक विंगेतून पडला आणि प्रयोग तसाच पुढे चालू राहिला. पाचवी मात्र काही केल्या मिळेना. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली.

रिकाम्या हातानं ती आजोबांपुढे उभी राहिली.

आजोबांनी उशीखालून पाकीट काढलं. "पहिल्या शनिवारीच लिहून ठेवलंय," ते म्हणाले. "घे. पण एक कमी आहे, हे लक्षात ठेव."

ती खाली उतरली तेव्हा तो दुकानाच्या दारात होता. पाकीट तिच्या हातात बघून तो हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

"चला... झालं तुमचं काम."

"हो."

"म्हणजे शनिवार मोकळे झाले तुमचे. पत्रासाठी उगाच... म्हणजे, इतके तास तुम्हाला काढावे लागले."

पत्रासाठी, असं तो म्हणाला. तिला सांगायचं होतं की दुसऱ्या शनिवारपासून तिला पत्राची आठवणसुद्धा नव्हती. पण "येते," एवढंच म्हणून ती निघाली, आणि चौक ओलांडेपर्यंत स्वतःला लाखोली वाहत राहिली.

संपादक खूश झाले. चौकट वाचली, कपाट राहिलं, सुतार येऊन खणाचं बूडही पक्कं करून गेला. तारीखबाईला आनंद व्हायला हवा होता. पण आठवडाभर तिचं कशात लक्ष लागेना. त्याचा फोन नाही, निरोप नाही. असणार कसा? तो समजून बसला होता की ती पत्रासाठी येत होती, आणि पत्र घेऊन ती खरंच निघून गेली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचं काय काय घडलं ते ती लिहीत आली. आपलं काही घडत असताना मात्र तिला ते नोंदवता येऊ नये, याची तिला चीड आली. शुक्रवारी तिनं एक कोरं कार्ड घेतलं. तीन फाडली. चौथं राहिलं.

शनिवारी दुपारी दुकान बंद करायला तो शटरला हात घालतच होता.

"थांबा," ती म्हणाली. "पाचवी मिळाली."

तो बघत राहिला. "आजोबा वर आहेत. त्यांना—"

"आधी तुम्ही वाचा. मुंगीएवढं लिहिलंय, तुम्हालाच जमेल."

तिनं कार्ड काउंटरवर ठेवलं, आणि तो वाचायला वाकला तशी चष्मा काढून हातात घेतला. त्याचा चेहरा बघायचा धीर नव्हता तिला. आता समोर नुसता पांढरा शर्ट होता आणि भिंतीवरच्या आरशांचा उजेड.

कार्डावर होतं:

*सहा ऑक्टोबर, यंदा. पेपरच्या ऑफिसात एक चष्मेवाला तक्रार घेऊन आला. त्यानं एका मुलीचा चष्मा नीट करून दिला. तेव्हापासून तिला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.*

*पहिली साक्ष:* इथे तिची सही होती.

*दुसरी साक्ष:* ही ओळ रिकामी.

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिला वाटलं, आपण फार मोठी चूक करून बसलो, ही वर्षातली चौथी.

"ही छापणार?" त्याचा आवाज अगदी हळू होता.

"नाही. कपाटात राहील. पण एका साक्षीवर कार्ड लावता येत नाही, नियमच आहे तसा. आणि दुसऱ्या माणसानं स्वतः..." तिनं चष्म्याची काडी मिटली. "स्वतः पाहिलेलं असायला हवं."

खण उघडल्याचा आवाज आला. मग कागदावर पेन सरकल्याचा. मग काउंटरला वळसा घालून तो पांढरा शर्ट जवळ आला. त्यानं तिच्या हातातून चष्मा घेतला, रुमालानं पुसला आणि तिच्या नाकावर बसवला. काडी सैल नव्हती, तरी दोन बोटं कानामागे टेकली आणि या वेळी तिथंच राहिली.

"बघ," तो म्हणाला.

दुसऱ्या ओळीवर त्याची सही होती. सहीपुढे त्यानं कंसात लिहिलं होतं: तुझ्याआधी, तू टेबलाखालून वर आलीस तेव्हाच.

वरच्या खिडकीतून आजोबांचा आवाज आला. "काय रे, मिळाली का पाचवी?"

"मिळाली, आजोबा," ती म्हणाली.

"किती साक्षी?"

"दोन."

"मग ठीक आहे," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.