पहिल्या पानावरची जागा

बसा रे. त्या पाइपावर नका बसू, ओला आहे. शेतीची लाईट रात्री बारानंतर येणार, तोवर मोटारीपाशी नुसतं बसून करायचं तरी काय? आणि जीवन, तो मोबाईल खिशात घाल. मघापासून तुझ्या तोंडावर निळा उजेड पडलाय, बघवत नाही. गुटखा थुंकायचा तर बांधापलीकडं जाऊन थुंक. मला त्या लाल पिचकाऱ्यांची किती किळस येते ते सगळ्या युसूफ वडगावला ठाऊक आहे.

गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या भाच्याच्या, हरिओमच्या बाबतीत घडलेली आहे. सिरसाळ्याला बाजारासमोरच्या गाळ्यात त्याचं दुकान होतं. झेरॉक्स, लग्नपत्रिका, ऑनलाइन कामं, सगळं करायचा. पोरगं कामाला चोख, पण भिडस्त. समोरच्याला नाही म्हणायचं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

तीन-एक वर्षं झाली. पितृपक्ष चालू होता आणि शनिवारची अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ती नवमी. त्या दिवशी गेलेल्या बाईच्या नावानं एखाद्या सवाष्णीला जेवू घालायचं असतं. आता कोण घालतं म्हणा. तर हरिओम दुपारी मोटारसायकलवर परळीला गेला. कागद संपला होता, प्रिंटरची शाई आणायची होती. दिवस मावळताना परत आला, चहा घेतला, शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला बसला.

काम होतं विजयसिंहाचं. पलीकडच्या गावचं बडं घर, शंभर एकर जमीन, राजकारण, दारात पांढऱ्या गाड्या. हरिओमचा गाळाही त्याच्याच मालकीचा. त्याचा बाप बबनराव, त्याला पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. नवरात्रात सत्कार ठेवला होता. पुण्यात शिकणाऱ्या नातीनं हौसेनं आजोबांवर एक वेबसाईट बनवली होती. आजोबांचं लहानपण, तालीम, सरपंचकी, पेटीतले जुने फोटो. त्या वेबसाईटचीच पुस्तिका छापायची आणि मांडवात वाटायची. पहिल्या प्रती रविवारी सकाळी हव्या होत्या.

काम देताना विजयसिंह म्हणाला होता, "समदं हाय तसं छाप. फकस्त ती पहिली बाई नको."

"कोण, दादा?"

"आबांची पहिली. पोरीनं पेटीतला फोटू काढून पहिल्याच पानावर लावला. मी वरडलो तवा तिनं झाकलाय. आता दिसत न्हाई. कागदावर बी दिसली न्हाई पायजे. दिसली, तर गाळ्याची किल्ली टेबलावर ठिवायची अन् घरी जायचं. कळलं का बे?"

हरिओम म्हणाला, कळलं.

ही पहिली बाई म्हणजे बबनरावाची पहिली बायको, भिवराबाई. मी तिला पाहिलेलं आहे. उंच, सावळी, गुडघ्याखाली जाणारे केस. पोटी मूल नव्हतं. एके दिवशी शेतातल्या विहिरीत पडली म्हणतात. पडली का काय झालं, ते कुणी विचारलं नाही आणि विचारणाराला गावात राहायचं होतं. वर्ष व्हायच्या आत बबनरावानं चंद्रभागाबाई करून आणली. तिचा हा विजयसिंह.

आता आपल्याकडची रीत तुमच्या आयांना विचारा. पहिली अशी गेली, की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. ताटातला पहिला घास तिच्या नावानं काढायचा. घरात पहिला मान तिचा. चंद्रभागाबाईनं चाळीस वर्षं हे पाळलं, खोटं कशाला बोलू. पण बंगला झाला, मोठे लोक जेवायला येऊ लागले आणि विजयसिंहाला आईच्या गळ्यातला तो काळपट पत्रा बघून लाज वाटायला लागली. त्यानं तो काढायला लावला, सोनाराकडं आटवला आणि ती चांदी घालून स्वतःच्या हातातलं कडं केलं. मेलेल्या बाईचा मान हातात घालून माणूस मतं मागत फिरतो. अशा हाताला हात तरी कसा लावायचा? मी तर नमस्कार लांबूनच करतो.

असो. हरिओम कामाला बसला. तो मला सांगायचा, "मामा, वेबसाईटला तळ नसतो. बोटानं सरकवत जायचं. कागदाला चार कडा असत्यात, तितं भांडण सुरू हुतं." खरंच भांडणच. छापून कसं दिसेल ते त्यानं पडद्यावर उघडलं, तर उजवीकडचे शब्द कडेला कापलेले. मथळा एका पानाच्या तळाशी आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर. वेबसाईटवरची बटणं प्रत्येक पानाच्या डोक्यावर. शेवटी एक कोरं पान, उगाच. ही त्याची रोजचीच कटकट होती. समास कमी केले, अक्षर लहान केलं, बटणं काढली. निम्मं काम उरकलं.

मग पहिलं पान बघितलं आणि तिथं भिवराबाई उभी.

यात भुताटकी काही नव्हती. पोरीनं तो फोटो फक्त पडद्यापुरता झाकला होता. कागदावर जाताना झाक, असं मशीनला सांगायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. असं पुष्कळदा होतं म्हणे. हरिओम वेबसाईटच्या आतल्या लिहिण्यात शिरला, तिचा फोटो काढला, खालच्या चार ओळी काढल्या. परत पान उघडलं. बाई गेली.

जागा राहिली.

फोटोएवढी पांढरी जागा. मजकूर तिच्यापर्यंत यायचा, थांबायचा आणि वळसा घालून पलीकडं जायचा. त्याला वाटलं, काहीतरी आत शिल्लक राहिलंय. शोधलं. काही नव्हतं. समास बदलले, जागा हलली नाही. मग त्यानं नेहमीचा शेवटचा उपाय केला. सगळा मजकूर उचलला, नुसती अक्षरं, आणि कोऱ्या नव्या फाइलीत ओतला. तिथं ना फोटो, ना चौकट, ना काही.

तिथंही जागा.

बाहेर शेवटची पानटपरी मिटली होती. कुत्री गप्प होती. हरिओमनं विजयसिंहाला फोन लावला.

"दादा, पयल्या पानावर जागा ऱ्हातीया. मिटंना झालीय."

"एवढ्यासाठी फोन केला व्हय बे? माझा फोटू टाक त्यात. मोठा टाक."

हरिओमनं टाकला. फेट्यातला, हात जोडलेला, कडं दिसणारा फोटो. जागेत बरोबर बसला. त्यानं छापायला दिलं.

कागद बाहेर आला. हरिओमनं हातात घेतला आणि लगेच टेबलावर टाकला. कागद ओला होता. सगळा नाही, तेवढी जागाच. विजयसिंहाचं तोंड त्यावर फुगलं होतं. गाल सुजलेले, डोळे मिटलेले, ओठ निळसर, कातडी सुटल्यासारखी. पाण्यात राहिलेल्या माणसाची होते तशी. शाई पसरली असेल, म्हणाल तुम्ही. तोही तेच म्हणाला. नवी शाई खराब निघाली म्हणून त्यानं परळीच्या दुकानदाराला शिवी दिली आणि दुसरी प्रत सोडली.

दुसरी प्रत अडकली.

मशीन घरघरलं आणि बंद पडलं. त्यानं झाकण उघडलं. आतून वास आला. वास कसला… उपसा नसलेल्या विहिरीचा. शेवाळ, कुजका पाला, मेलेला बेडूक. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि कागद ओढायला आत हात घातला. हाताला काहीतरी लागलं. बुळबुळीत.

केस.

रुळाला गुंडाळलेले. काळे, ओले, लांब. त्यानं ओढले. आले. आणखी ओढले… आणखी आले. हातभर. दोन हात. टेबलावर ढीग झाला तरी टोक येईना. केसांत हिरवं शेवाळ होतं आणि मधे एका जागी लाल चिखल. कुंकवाचा. बोटाला चिकटला, पुसला तर जाईना. हरिओम दुकानातच ओकला बिचारा.

मला म्हणाला, "मामा, तवर मी भ्यालो न्हवतो. नुसती शिसारी आलती. त्या केसांची बी, अन् माजी बी. म्हनलं मी काय करायलोय? मेलेल्या बाईला धरून बाहेर ओढायलोय."

मग त्याला आवाज आला.

मागं.

टप…

छत पत्र्याचं. पाऊस नव्हता.

टप… टप…

तो वळला नाही. वळायचंच नाही, एवढं त्याला कळलं. पडद्याच्या काचेत त्याला स्वतःची सावली दिसत होती. तिच्या खांद्यामागं… नाही, ते तो कधीच बोलला नाही. मी खोदून विचारलं. त्यानं तोंड फिरवलं.

इतकंच सांगितलं, की तो हळू बोलला. पडद्याकडंच बघत.

"माय… माजं पोट हाय यावर. गाळा त्यांचा हाय. मी काय करू?"

काही नाही.

"माय, सांग ना…"

टपटप थांबली. मागं कुणीतरी वाट बघत असावं, तशी शांतता.

हरिओमनं हात पुसले. विजयसिंहाचा फोटो काढला. पोरीनं लावलेला मूळ फोटो परत आणला. त्याखालच्या चार ओळी आणल्या. ती जागा होती तिथं ठेवला.

बसला. केसभरही इकडंतिकडं नाही.

ओळी सरळ झाल्या. मथळे आपापल्या मजकुराला जाऊन लागले. शेवटचं कोरं पानही गेलं, ज्याला त्यानं हात लावला नव्हता. त्यानं छापायला दिलं. कागद बाहेर आले. एकामागून एक. कोरडे, स्वच्छ. उजाडेपर्यंत तो शिवत बसला. मागं बघितलं तेव्हा ऊन आलं होतं आणि दुकानात कुणी नव्हतं. टेबलावरचे केसही नव्हते.

"मग दिल्या का त्यानं त्या प्रती?" काय रे जीवन, मधे बोलू नको. दिल्या. ज्या पोराला जन्मात नाही म्हणता आलं नव्हतं, त्यानं त्याच प्रती विजयसिंहापुढं ठेवल्या.

विजयसिंहानं वरची प्रत उघडली. पहिलंच पान. बाई उभी. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. तोंडात गुटख्याचा तोबरा होता, तो चघळत राहिला थोडा वेळ. मग त्या पानावर थुंकला. तिच्या तोंडावर. पुस्तिका मिटली, टेबलावर फेकली आणि तळहात पुढं केला.

"किल्ली."

हरिओमनं दिली. काय करणार? पण तो म्हणतो, जाताना त्यानं ते पान पुसलं, स्वतःच्या रुमालानं. मग मशीन टेम्पोत घातलं. आता घरच्या पडवीत बसतो. गिऱ्हाईक कमी, पण जेवण जातं. मला त्या थुंकीची आठवण आली की अजून घास उतरत नाही. माणूस मेल्यावरसुद्धा त्याला सोडत नाहीत, अशी ही माणसाची जात. भुताला काय नावं ठेवता.

विजयसिंहानं दुसरीकडं पुस्तिका छापून घेतली. गुळगुळीत कागद, रंगीत, भिवराबाईचं नावही नाही. तिथल्या छापणाराला काही त्रास झाला नाही, जागाबिगा राहिली नाही. सत्कार थाटात झाला. जेवणावळ झाली. मांडवाबाहेर सगळ्या घराचा एक फोटो काढला आणि त्याचा मोठा फ्लेक्स करून रस्त्यावर लावला. तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. सायकल धरून बराच वेळ उभा होतो.

सगळं घर एका रांगेत, खांद्याला खांदा लावून. विजयसिंह, त्याची बायको, भाऊ, सुना, ती पुण्याची नात. मधोमध बबनराव आणि चंद्रभागाबाई. दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी.

फोटो काढणारा पोरगा माझ्या ओळखीचा. त्याला विचारलं, "जवळ सरका म्हनायचं न्हाई का रे?"

म्हणाला, "म्हनलो की, काका. पुन्हा पुन्हा म्हनलो. तर चंद्रभागाबाई म्हनल्या, आजून किती सरकू? चिटकून तर उभी हाय."

भर दुपारचा फोटो. ऊन एवढं, की रांगेतल्या सगळ्यांनी डोळे बारीक केलेले.

आणि चंद्रभागाबाईनं नवीकोरी पैठणी नेसली होती. त्या मोकळ्या जागेच्या बाजूनं… खांद्यापासून काठापर्यंत… ती ओलीचिंब होती.