सातवा बोअर

वृषालीनं अमेरिकेतल्या विद्यापीठाचा मेल तिसऱ्यांदा वाचला. ‘आपल्या विनंतीनुसार अर्ज रद्द केला आहे. हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवा.’

विनंती तिच्याच फोनमधून गेली होती. मंगळवारी, सकाळी अकरा वीसला. तिनं ती केलीच नव्हती.

शिवाय आज पहाटे दाराखालून चिठ्ठी आली होती. संगणकावर छापलेली. ‘गप्प बस. सात बोअरचं पाणी तुलाच बुडवेल.’

वृषालीचे वडील मोतीराम आदिलाबादेतल्या शाळेत मास्तर. त्यांनी खासगी तपास करणाऱ्या चंद्रभागाबाईंना घरी आणलं. सोबत बाईंचे मदतनीस गोपाळराव.

“पोरगी कालपासून जेवून नाही राह्यली, बाई. दार वाजलं का दचकते,” मोतीराम म्हणाले.

“फोनला लॉक नाही?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

“दादाचा जुना फोन आहे, ताई. लॉक बिघडलंय,” वृषाली म्हणाली.

“मंगळवारी अकरा वीसला कुठं होतीस?”

“प्रॅक्टिकलला. माझी मैत्रीण भाग्यश्री माझ्याच टेबलावर होती. सगळ्यांचे फोन स्टाफरूमात जमा होते.”

“आणि हे बोअर?”

“बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर माझा प्रकल्प आहे. विज्ञान प्रदर्शनात सहा बोअर मांडले होते. मग इंद्रवेल्लीकडचा एक तपासला. तो फक्त अर्जाच्या निबंधात आहे.”

“निबंध कोणी पाहिला?”

“आमच्या कॉलेजातल्या केशवराव सरांनी तपासून दिला. शिफारसपत्रही त्यांचंच आहे.”

पहिल्यांदा ते नेट सेंटरवाल्या प्रवीणकडे गेले. गुणपत्रिका चुकीच्या स्कॅन केल्या म्हणून वृषालीचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

“मंगळवारी दुपारपर्यंत करंटच नव्हता,” तो तडकला. “मी काऊन तिचा अर्ज बुडवू?”

मैत्रीण भाग्यश्रीचा अर्ज गेल्याच महिन्यात नाकारला गेला होता. “मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?” ती रडत म्हणाली. “पण मी असं नाही केलं, वृषाली.”

वृषालीला कोणाच्याच डोळ्यांकडं बघवेना. या दोघांतलंच कोणी दाराशी आलं असेल?

केशवराव सर स्टाफरूमात एकटेच होते. त्यांनी खिशातल्या किल्लीनं खण उघडला, आतले जमा फोन बाजूला सारले आणि शिफारसपत्राची प्रत काढून दिली. “ताण आला असेल. तिनंच मेल पाठवला असेल नि आता घाबरली असेल.”

“तुमच्या घरचं कोणी अर्ज करतंय?”

“भाचा वैभव. हैदराबादला असतो. त्याच विद्यापीठात केलाय,” म्हणत त्यांनी घड्याळ बघितलं.

संध्याकाळी चंद्रभागाबाईंनी सगळ्यांना मोतीरामांच्या घरी बोलावलं.

“प्रवीणच असन,” गोपाळराव कुजबुजले. “फोनातून मेल जायला करंट कायले लागते?”

“पण फोन हातात लागतो,” बाई म्हणाल्या. “अकरा वीसला तो कुलपाआड होता आणि वृषाली नि भाग्यश्री एकाच टेबलावर. किल्ली सरांच्या खिशात. चिठ्ठी लिहिणाऱ्याला सात बोअर ठाऊक होते. गावाला सहाच ठाऊक आहेत. सातवा निबंधात होता आणि निबंध सरांनीच वाचला.”

“मी कशाला असं करीन?” सरांचा आवाज चिरकला.

“मी वैभवला फोन केला. त्याचाही प्रकल्प पाण्याचाच. सातही बोअर त्यानं घडाघडा सांगितले. इंद्रवेल्ली कोणत्या बाजूला, ते मात्र सांगता येईना. वृषालीचाच निबंध तुम्ही त्याला दिलात. दोघांची शिफारस तुमचीच. एकच प्रकल्प दोन नावांनी विद्यापीठासमोर गेला असता, तर पहिले तुम्ही सापडला असता.”

“बहिणीनं फार गळ घातली...” सर म्हणाले.

बाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. “खरं काय ते विद्यापीठाला लिहा.”

“लिहितो. पण वृषाली, मी लबाड ठरलो तर तुझं शिफारसपत्रही रद्दीत जाईल.”

तिची तीन वर्षांची धडपड त्या एका पत्रावर उभी होती.

“लिहा, सर,” ती म्हणाली आणि तिनं पेन त्यांच्यापुढं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. अर्ज पुन्हा दाखल झाला होता. दुसऱ्या शिक्षकाचं पत्र आठवड्यात हवं होतं. वृषाली कॉलेजात नव्यानं आलेल्या भाग्यलक्ष्मी मॅडमकडे गेली. त्यांनी तिच्या वह्या दोन दिवस घरी नेऊन पानन् पान वाचलं, मग पत्र लिहिलं. पहिलीच ओळ होती : ‘या मुलीला मी चारच महिने ओळखते, तेवढ्यात जे पाहिलं, तेवढंच लिहिते.’