परतीची फेरी

हे मी आजवर दोघांना सांगितलं. एकाने माझ्या ग्लासात वाईन ओतली आणि विषय बदलला. दुसरा वाल्तेरकाका. त्याला पटवावं लागलं नाही, कारण शेवटची दुपार सोडली तर बाकीचं त्यानेही ऐकलं होतं.

आईला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "उशीर झाला त्याला. पण आला."

यातलं काही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं तर शेवट वेगळा केला असता.

इटलीत, मोदेना शहराच्या उत्तरेला, पानारो नदीच्या बंधाऱ्याजवळ आमचं घर. परसाच्या कुंपणापलीकडे लष्कराची जुनी धावपट्टी. एका छोट्या कंपनीने ती लांबवून घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. वर्षाला मोजक्याच गाड्या बनवायचे, पण विकत मिळणाऱ्या गाड्यांत जगातली सगळ्यांत वेगवान गाडी आपली असावी, एवढंच वेड. त्या गाड्या पळवून पाहायचं काम माझ्या वडिलांचं. नेरिओ त्यांचं नाव.

नोव्हेंबरातली ती सकाळ नेहमीसारखीच होती. पप्पा उभ्यानेच कॉफी पीत होते. आई पिठाच्या चकत्यांत खिमा भरून तोर्तेल्लिनी वळत होती. मी बोलोन्याच्या विद्यापीठातून सुट्टीला आले होते.

"प्रोफेसरबाई, आज बघायला येणार, की पुस्तकात नाक?"

"पुस्तकातली माणसं कानठळ्या तरी बसवत नाहीत."

"भूकही लागत नाही बिचाऱ्यांना." मग आईकडे वळून, "देल्मा, सूप ठेव गं. येतानाचा आवाज आला की सोड."

ही आमच्या घरची पद्धत. वेगाचा विक्रम एका फेरीत होत नाही. वारा पाठीशी असू शकतो. म्हणून तासाभरात उलट दिशेनेही गाडी पळवायची, आणि दोन्हींची सरासरी धरायची. परत आलात, तरच गेलेलं मोजतात. परतीच्या फेरीत आमचं घर आलं की पप्पा क्षणभर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे. त्या सलग गर्जनेला एक उचकी लागायची. ती ऐकली की आई उकळत्या सूपमध्ये तोर्तेल्लिनी सोडायची.

आणखी एक रीत होती. आमच्या भागात गाडी घेऊन निघालेल्याला सगळेच म्हणतात, 'हळू जा.' शेजारीण म्हणते, पाद्री म्हणतो, पेट्रोल भरणाराही म्हणतो. आमच्या घरात मात्र तो शब्द नव्हता. ज्याचं पोट वेगावर, त्याला हळू जा म्हणणं अपशकुनाचं. लहानपणी एकदा तो माझ्या ओठांवर आला, तर आईने पिठाच्या हाताने माझं तोंड दाबलं होतं.

त्या दिवशीही कुणी काही म्हटलं नाही.

जातानाचा आवाज आला. काचा थरथरल्या. आई पातेल्यापाशी जाऊन उभी राहिली.

सूप उकळत राहिलं...

परतीचा आवाज आलाच नाही.

पप्पांचा मेकॅनिक वाल्तेरकाका जीप घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. गाडी तिथे उभी होती. वळवलेली, तोंड घराकडे. पप्पांचा पट्टा बांधलेला, हात स्टिअरिंगवर. हृदय थांबलं होतं.

"जाताना ताशी साडेचारशे किलोमीटरच्या पुढे गेला होता," दफनभूमीतून निघताना काका म्हणाला. "विकतच्या गाडीत इतकं आजवर कुणीच गेलेलं नाही. पण मोजणार नाहीत."

कंपनीने गाडी नेली. धावपट्टी बंद केली. भेगांतून गवत वाढलं.

पुढच्या नोव्हेंबरात आईचा फोन आला.

"इलारिया, तुझे पप्पा निघालेत."

मी त्याच दिवशी घरी आले. धुकं इतकं दाट, की परसातल्या पर्सिमनच्या झाडाची फळं तेवढी केशरी ठिपक्यांसारखी दिसत होती. टेबलावर तीन ताटं. शेगडीवर सूप.

"आई, कोण यायचंय?"

"बस. कळेल."

दुपार झाली. कावळे गप्प झाले.

मग... काचा थरथरल्या.

आवाज नव्हता. नुसत्या काचा.

दुसऱ्या दिवशी आवाजही आला. लांबून, नदीच्या अंगाने. वाढत गेला, आणि मध्येच कापल्यासारखा तुटला. त्यानंतर धुकं पडेल त्या दुपारी तो यायचा. दर वेळी थोडा अधिक जवळ येऊन तुटायचा.

मी वाल्तेरकाकाला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन खिडकीशी उभा राहिला. आवाज आला, तसा त्याचा चेहरा उतरला.

"तीच आहे," तो म्हणाला.

"दुसरी कुठली गाडी असेल, काका. महामार्गावरची."

"पोरी, मी तुला पुस्तकं शिकवतो का? तिचं इंजिन मी माझ्या हातांनी उतरवलंय. ते कारखान्यात टेबलावर पडलंय."

आवाज तुटल्यावर आम्ही कुंपण ओलांडून गेलो. धावपट्टीवर वाळकं गवत गुडघाभर उभं होतं. पण त्यात दोन पट्टे...

जळालेले. आडवे पडलेले. सगळ्या काड्यांची टोकं आमच्या घराकडे.

पट्टे जिथे संपत होते, तिथून घर फार लांब नव्हतं.

काका छातीवर क्रूस काढत म्हणाला, "पाय दाबूनच येतोय तो. उचलतच नाही."

हे आईने ऐकायला नको होतं. कुंपणाशी ती उभी होती.

"धुक्यात त्याला घर दिसत नसेल," ती शांतपणे म्हणाली.

काका संध्याकाळी गेला.

दुसऱ्या दुपारी मी वरून खाली आले. शेगडी चालू होती. सूप उकळत होतं. ताटं मांडलेली.

आई नव्हती.

खुंटीवर तिचा कोट नव्हता... कोपऱ्यातला कंदीलही नव्हता.

मी परसात धावले. धुक्यात कुंपणापलीकडे एक पिवळा ठिपका दिसत होता. धावपट्टीच्या बरोबर मध्यावर.

"आई, बाजूला हो."

"ओरडू नकोस. त्याला घर दाखवतेय."

मग तो आवाज सुरू झाला. या वेळी तो तुटला नाही. पायांखालची जमीन थरथरू लागली. लांबवर गवत मोडत येण्याचा आवाज, मोठा होत, अधिक मोठा होत. कुंपणाच्या तारेत माझा स्वेटर अडकला. ओढला, फाटला, पुन्हा अडकला. मी तिच्यापर्यंत पोचणार नव्हते.

कंदील हलला नाही.

उचकी येत नव्हती.

शब्द ओठांवर आला, आणि पिठाचा तो हात मला पुन्हा तोंडावर जाणवला. पण अपशकुन व्हायचा तो केव्हाच होऊन गेला होता. धुक्याकडे तोंड करून मी म्हणाले,

"हळू या, पप्पा. हळू. आई रस्त्यात उभी आहे."

गर्जनेला एक उचकी लागली.