अकरा मैलांचा बेत

तो दुकानात शिरला आणि दारावर टांगलेला रबरी साप बरोब्बर त्याच्या खांद्यावर पडला.

साप खरं तर ओफामावशीसाठी होता. ओफामावशी म्हणजे माझी ट्रक चालवणारी. वय बहात्तर, जीभ बावीस वर्षांची. पण बाहेर पाऊस कोसळत होता, मावशी चर्चमध्ये अडकलेली, आणि आत आला हा. उंच, निथळत, डोक्यावर भिजून लोंबलेली हॅट.

ओरडला नाही हो. पांढराफटक पडला, पण ओरडला नाही. दोन बोटांनी साप उचलला, काउंटरवर अलगद ठेवला आणि म्हणाला, "बाई, तुमचं हे... पडलं बहुतेक."

"चावला का?"

"अजून नाही. आधी ओळख होऊ दे म्हणाला."

बस्स. सत्तेचाळीस वर्षांची मी, अख्ख्या खोऱ्यात खोड्यांसाठी बदनाम. पाद्रीबुवांच्या बुटात गांडुळं सोडलेली बाई! आणि माझ्याच पोटात काहीतरी टुणकन उडालं, शांत डोहात ट्राउट मासा उडतो ना, तसं.

"काय हवंय?" मी विचारलं.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भिंतीवर वल्ही, छताला होड्या, बरणीत माशांची आमिषं. ओझार्कच्या डोंगरांत बकहॉर्न नदीकाठच्या दुकानात माणूस दुसरं काय मागणार?

"ते... होडी सोडायचीये. ट्राउट धरायला. म्हणजे... बेत आखायचाय."

"या की मग!" मी टेबलावरच्या काचेखालचा नदीचा नकाशा पुसला. "नाव?"

"एमरी पेटीजॉन. पियानो सुरात लावतो. गावोगावच्या चर्चमधले."

बोटं बघितली मी. लांब, स्वच्छ... आणि थरथरत होती. गारठला असेल, म्हटलं मी मनात. पावसाने.

*

आता एक गोष्ट सांगते, ती तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. लोकांचे बेत मीच आखायचे. कुठल्या डोहात ट्राउट बसतो, जेवायला कुठल्या गोट्यांच्या पट्ट्यावर थांबायचं, कुठल्या वळणाला डावं आणि कुठे उजवं. पण मी स्वतः नऊ वर्षांत होडीत पाय ठेवला नव्हता. लोक परत आले की मी त्यांना कॉफी पाजून खोदून खोदून विचारायचे, "खेचरवळणाला पाणी कसं होतं रे?" आणि तेच दुसऱ्याला सांगायचे, जणू काल जाऊन आले.

खेचरवळण. नऊ वर्षांपूर्वी तिथेच माझी होडी उलटली आणि उन्मळलेल्या झाडाच्या मुळांत मी पाण्याखाली अडकले. आकडे मोजत होते. ब्याण्णवला कुणीतरी केस धरून ओढलं. गावाला सांगितलं, गुडघा गेला. गुडघ्यावर लोक विश्वास ठेवतात. भीतीवर हसतात.

एमरी दर गुरुवारी यायला लागला. यायचा, हॅट काढायचा, आधी दारावर नजर टाकायचा...

"आज साप नाही?"

"आज सुट्टीवर आहे."

"मग मला करमायचं नाही."

मी बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे छोटे जाड पाव, आणि वर ग्रेव्ही पुढे ठेवायचे, तो नकाशावर बोट फिरवायचा. वरच्या घाटापासून खालच्या घाटापर्यंत अकरा मैल. साधा बेत, अर्ध्या तासात आखून होतो. आम्हाला सहा गुरुवार लागले! मक्याचा कॉर्नब्रेड घ्यायचा की साधा पाव, यावर एक अख्खा गुरुवार गेला. मासे साफ करायची सुरी लांब की आखूड, यावर दुसरा. त्याची बोटं खेचरवळणाशी आली की माझी नजर खिडकीबाहेर जायची. डॉगवुडच्या झाडाला पांढरी फुलं आली होती. मी म्हणायचे, "बघा, फुलं बघा!"

"तीच फुलं मागच्या गुरुवारी दाखवलीत," तो म्हणायचा. "तुम्ही बरोबर याल ना?"

"अहो, माझा गुडघा..."

"कुठला?"

"डावा."

तो मान हलवायचा, सहानुभूतीने. पुढच्या गुरुवारी आत येता येताच विचारलं, "उजवा कसाय?"

"ठणकतोय मेला!"

आणि तो हसला. डोळ्यांनी आधी, मग ओठांनी. "मागच्या गुरुवारी डावा होता."

खोड्या करणारीची खोडी निघाली! कान तापले माझे. ओफामावशी कोपऱ्यात कॉफी पिता पिता खो-खो हसली. "पकडली गं पकडली! आता जा मुकाट्याने."

"येते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. "मेच्या दुसऱ्या शनिवारी."

त्या क्षणापासून पाण्याकडे बघवेना. किटलीत पाणी ओतताना मी नजर वळवायचे. अंगावरून शॉवरचं पाणी गेलं तरी श्वास अडकायचा. सांगून टाकावं का त्याला? पण सांगितलं तर बेत मोडणार. बेत मोडला की गुरुवार संपले. आणि मला, खरं सांगते, पाण्याइतकीच भीती त्या रिकाम्या गुरुवारांची वाटायला लागली होती.

*

शनिवारी आभाळ वरच्या अंगाला काळं होतं. पण नदी हिरवी, नितळ. ओफामावशीने आम्हाला होडीसकट वरच्या घाटावर उतरवलं आणि ट्रक फिरवला. आमच्याकडची रीतच आहे ही. गाडी पुढे खालच्या घाटावर नेऊन ठेवायची, म्हणजे होडीतून उतरलं की समोर गाडी. नदीने अकरा मैल, रस्त्याने चाळीस.

"मासे आणा!" मावशी खिडकीतून ओरडली. "नाहीतर लग्न तरी ठरवून या!"

ट्रकचा आवाज वळणामागे गेला. मग नुसतं पाणी ऐकू यायला लागलं. मोबाइलला तिथे कधीच रेंज नसते.

मी होडीच्या दोराशी उगाच खेळत राहिले. तो हॅटच्या कडेशी.

"डेल्मा," तो म्हणाला. "मला पोहता येत नाही."

"लाइफ जॅकेट आहे ना."

"तसं नाही... गुडघ्याच्या वर पाणी चढलं की मला श्वासच येत नाही. लहानपणापासून. त्या दिवशी मी नुसता पावसातून आडोशाला शिरलो होतो."

"मग... बेत?"

"तुम्ही विचारलंत, काय हवंय. खरं सांगितलं असतं, तर पाऊस थांबल्यावर निघावं लागलं असतं."

मी हसायला लागले. एवढी हसले की खाली गोट्यांवर बसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं कळलंच नाही. मग मीही सगळं सांगितलं. वळण, मुळं, ब्याण्णव.

तो शेजारी बसून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि गुडघे?"

"दोन्ही ठणठणीत आहेत हो!"

"म्हणजे या होडीत बसायला..."

"कुणीच तयार नाही."

"मावशींना हाक मारूया?"

"मावशी आता रेडिओ लावून गात चाललीये. आणि आली तरी पोचणार कशी?" मी मागे बोट दाखवलं. आलो तो रस्ता ओढ्यातल्या फरशीवरून जातो, आणि ती फरशी पाण्याखाली गेली होती. वर डोंगरात पाऊस सुरू झाला होता. मी आल्या आल्या पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली होती, जुनी सवय. काटकी आता चार बोटं पाण्यात होती.

"एमरी, नीट ऐका. पाठीमागे कडा आहे, हा गोट्यांचा पट्टा तासाभरात बुडेल. नदी अजून हिरवी आहे. आत्ता निघालो तर लोंढ्याच्या पुढे राहू. थांबलो तर लोंढा येऊन गाठेल."

त्याने एकदा कड्याकडे पाहिलं. मग उठला, हात पुढे केला. बर्फासारखा गार हात. माझाही तसाच.

"कुठे बसू?"

*

पहिले तीन मैल आम्ही नुसती वल्ही मारत गेलो. तो पुढे, मी मागे. त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले. माझे दात एकमेकांवर आपटत होते, आणि पाऊस आता आमच्यापर्यंत आला होता. पाण्यावर टपटप खळगे पडत होते. एकदा अगदी होडीजवळ केवढा तरी ट्राउट उसळला, दोघंही किंचाळलो!

"मासा होता," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुमचा साप."

हसलो. थोडं. मग पुढून तो आवाज यायला लागला. घरघर. खेचरवळण.

तिथे मध्ये बेट आहे, नदी दुभंगते. डावीकडचा प्रवाह खोल. मी सगळ्यांना तोच सांगायचे, डावीकडून जा. नऊ वर्षं तेच. कुणाच्या तरी कॉफीवर ऐकलेलं.

हात उचलेनात. वल्हं मांडीवर पडलेलं. होडी आपली आपण डावीकडे ओढली जात होती, आणि मी मोजायला लागले होते... एक, दोन, तीन...

"डेल्मा."

...सहा, सात...

"डेल्मा, डावीकडचा आवाज बरोबर नाहीये." त्याने डोळे मिटले होते, मान तिरकी. "उजवीकडचं पाणी मोकळं वाजतंय. डावीकडे खाली काहीतरी दबलंय. मोठं. तार अडकली की पियानो असाच घरघरतो. ऐक ना!"

ऐकलं. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी नदी स्वतःच्या कानांनी ऐकली. आडवं झाड! पाण्याखाली अख्खं आडवं झाड पडलं होतं डावीकडे, आणि मी कालपरवापर्यंत लोकांना तिकडेच धाडत होते.

"उजवीकडे!" माझा आवाज कुठून आला कोण जाणे. "एमरी, तुझं वल्हं डावीकडे टाक! ओढ! अजून... ओढ रे राजा!"

ओढलं त्याने. डोळे मिटूनच ओढलं. होडी करकरत बेटाच्या उजव्या टोकाला गोट्यांवर चढली. मी खाली उडी मारली आणि दोर मनगटाला गुंडाळायला घेतला, पण लगेच सोडून नुसता मुठीत धरला. मनगटाला दोर बांधणारे बुडतात.

"आता?" त्याने विचारलं.

"आता चालायचं. उजवीकडे पाणी उथळ आहे. दोराने होडी धरून न्यायची. आमच्या नदीवर असं नेणाऱ्याला सगळे हसतात."

"किती खोल?"

मी खोटं बोलू शकले असते. "मांडीपर्यंत. तू बेटावर थांब, मी होडी खाली लावून परत..."

"नको." ओठ निळे पडले होते त्याचे. "तू एकटी नको."

तो उतरला. माझ्या कमरेचा पट्टा मागून धरला, एवढा घट्ट की मला श्वास घेता येईना. पाणी घोट्याला, पोटरीला, गुडघ्याला... गुडघ्याच्या वर. त्याचा श्वास खरंच थांबला, मला पाठीला जाणवलं.

"एमरी! बोल काहीतरी!"

"काय... काय बोलू?"

"काहीही! शिवी दे!"

"मला... तुझी बिस्किटं... आवडत नाहीत!"

"काय?"

"दगड असतात! सहा गुरुवार... खाल्ली मी ती!"

"मेल्या, मग सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटली! सगळ्याची भीती वाटते मला... तू हाकललं असतंस तर!"

पाय गोट्यांवरून घसरत होते, दोर तळहात सोलत होता, डावीकडे ते झाड पाण्यात घुसमटत होतं, आणि मी भर प्रवाहात बिस्किटांवरून भांडत होते! मोजायचं कधी थांबले, आठवत नाही. एकदम पाय वाळूला लागले. पाणी मोकळं झालं. वळण मागे राहिलं.

तो पट्टा सोडेचना. मीही सोड म्हटलं नाही.

*

खालचा घाट दिसला तेव्हा पाऊस बारीक झाला होता, नदी इथे पसरट, संथ होती आणि लोंढा बराच मागे राहिला होता. काठावर ओफामावशी छत्री घेऊन उभी.

"मासे किती?" तिथूनच ओरडली.

"एकही नाही! गळ टाकलाच नाही!"

"मग काय केलंत गं दिवसभर?"

होडीचं नाक काठाला टेकलं. उतरायला हवं होतं. एमरी हलला नाही. मागे वळून माझ्याकडे बघत बसला. हॅटवरून पाणी गळत होतं, आणि त्याची बोटं पुन्हा थरथरत होती. पहिल्या दिवशीसारखी... नाही, जास्तच.

"अरे, आलो की आपण," मी म्हटलं. "जमीन आहे समोर. आता कसली भीती?"

"तिचीच," तो म्हणाला. "बेत संपला ना. आता पुढच्या गुरुवारी यायला मी काय कारण सांगू?"

माझं काळीज एवढं धडधडायला लागलं की खेचरवळण परवडलं. चेष्टा सुचेना. मला, डेल्मा टॅकेटला, एक चेष्टा सुचेना!

"कारण नको सांगूस," मी म्हटलं. "नुसता ये. आणि मग... जाऊ नकोस."

तो होडीच्या फळीवरून सरकत सरकत, दोन्ही कडा गच्च धरून, माझ्याकडे आला. होडी डुगडुगली. काठावर मावशीने छत्री खाली घेतली, नीट दिसावं म्हणून.

"ए! उतरताय ना? मी भिजतेय इथे!"

मी वल्हं उचललं. काठाच्या चिखलात टेकवलं... आणि होडी पुन्हा पाण्यात ढकलली.