भेगांचे फोटो

माझ्याकडचा मोठा कॅमेरा लग्नातले फोटो काढायला घेतलेला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. तो भिंतींचे फोटो काढतो. हसू नका, माझं पोट त्याच्यावरच चालतं.

दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, जुन्या इमारती तपासतो. इमारत दुरुस्त करायची की पाडायची, हे मालकाला ठरवायचं असलं की दादाला बोलावणं येतं. तो हातोडी घेऊन आत शिरतो, भिंती आणि खांब ठोकत फिरतो आणि आवाजावरून ओळखतो, कुठे पोकळ झालंय ते. मी बाहेर, लांब उभी राहते आणि समोरची अख्खी भिंत तुकड्या-तुकड्यानं टिपते. वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची, एकेक ओळ करत खाली यायचं. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा घ्यायचा, म्हणजे नंतर ते सगळे एकमेकांना जोडून एकच प्रचंड फोटो करता येतो. तो मोठा करत गेलं की केसाएवढी भेगसुद्धा दिसते. खालून नुसत्या डोळ्यांना जे जन्मात दिसणार नाही, ते त्यात दिसतं.

आई-बाबा गेल्यावर दादानंच मला वाढवलं. हा कॅमेरासुद्धा त्याच्याच हट्टानं घेतला. "घ्यायचा तर चांगलाच घे, मागाहून रडत बसू नकोस," म्हणाला. गाडीत मी तो मांडीवर घेऊन बसते, म्हणून वहिनी त्याला माझं तान्हं म्हणते.

तर, त्या दिवशी एका हॉस्पिटलची जुनी इमारत तपासायची होती. नवीन हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला सुरू झालं आणि तेव्हापासून हिला कुलूप लागलेलं. दुपारची जेवणं उरकून आम्ही पोचलो. रखवालदारानं दार उघडून दिलं, "मी फाटकावर आहे, काही लागलं तर हाक मारा," असं म्हणाला आणि लगेच परत फिरला.

इमारतीसमोर मोठं मैदान होतं. सुकलेलं गवत, मधूनच एखादी गंजलेली खाट उलटी पडलेली. ऊन बरोब्बर समोरच्या भिंतीवर आलं होतं. माझ्या कामाला याहून चांगला उजेड नाही. वारा आला की फुटक्या खिडक्यांमधून वास यायचा... ओल्या चुन्याचा, आणि त्याच्या तळाशी फिनेलचा. इतकी वर्षं बंद असलेल्या जागेत फिनेलचा वास कसा टिकला असेल, असं मनात आलं, पण तेवढंच.

दादानं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं. "अंधार पडायच्या आत आटपू. तुझ्या वहिनीला शब्द देऊन आलोय," म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळानं त्याच्या हातोडीचा आवाज ऐकू यायला लागला. टक... टक... टक. मला तो आवाज फार आवडतो. तो ऐकू येतोय म्हणजे दादा ठीक आहे.

मी ट्रायपॉड घट्ट रोवला, लांबची लेन्स लावली. कॅमेऱ्याची वायर गाडीच्या डिकीत ठेवलेल्या लॅपटॉपला जोडली. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून डोक्यावरून काळं कापड ओढून घ्यायचं आणि आत बसून एकेक फोटो मोठा करून बघायचा, नीट आलाय की नाही ते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाई रडतेय की काय.

सगळ्यात वरच्या मजल्याचे पहिले काही फोटो छान आले. मग एका खिडकीत काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं, भिंतीचा पोपडा असेल. मोठं करून बघितलं. आणखी मोठं केलं.

बाई होती. पांढरा गणवेश, डोक्यावर नर्सची असते तशी टोपी. खिडकीच्या काचेमागे सरळ उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. फोटो इतका स्वच्छ, की तिच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजून घ्याव्यात.

मी घाबरले वगैरे मुळीच नाही. हॉस्पिटलचंच कोणीतरी सामान बघायला आलं असेल, असं धरून चालले. कापड बाजूला सारून वर पाहिलं, तर खिडकी काळीकुट्ट. पुढच्या फोटोत तीच खिडकी कडेला पुन्हा आली होती. त्यात कोणी नव्हतं. गेली असेल आत, झालं.

मी खालची ओळ घेतली. त्या मजल्यावर, बरोब्बर त्याच खिडकीच्या खालच्या खिडकीत, ती उभी होती. तशीच सरळ. फक्त उजवा हात कोपरापासून थोडा वर आला होता.

मी दादाला फोन लावला.

"दादा, आत कोणी बाई आहे का रे?"

"कसली बाई?"

"नर्ससारखी. पांढऱ्या कपड्यांत."

"अगं, इथे मी आहे आणि कबुतरं आहेत. आणि पांढरे कपडे आमच्यापैकी कोणाकडेच नाहीत."

"अरे, चेष्टा नाही. आधी अगदी वरच्या मजल्यावर दिसली. आता त्याच्या खालच्या."

"वरच्या?" दादाची हातोडी थांबली. "वर जाणार कुठून? जिना कोसळलाय. दुसऱ्या मजल्याच्या पुढे पायरीच नाहीये. मी पहिल्या मजल्यावर आहे आणि इथूनच परत येणार आहे. तुझी काच पुसून घे जरा."

त्यानं फोन ठेवला. टक... टक... पुन्हा सुरू.

मी लेन्सची काच पुसली. खरंच पुसली, दोनदा. मग पुढची ओळ घेतली. कापडाखाली शिरायला मन धजेना, पण शिरले. दुसरा मजला. तीच खिडकी. हात आता खांद्यापर्यंत वर आलेला, बोट पुढे. आणि डोळे... लेन्सच्या मधोमध रोखलेले. मी कापडाखाली एकटी बसलेली असूनही मला वाटलं, माझ्या तोंडाकडे कोणीतरी टक लावून बघतंय.

आता त्याच्या खाली पहिला मजला होता. दादा होता तो.

नुसत्या डोळ्यांनी मी तिथल्या, बरोब्बर खालच्या खिडकीकडे पाहिलं. आत पिवळा ठिपका हलत होता. दादाचं हेल्मेट. बाकी काही नाही. ऊन उतरायला लागलं होतं, भिंत तांबूस पडत चालली होती. मी बटण दाबलं.

फोटो स्क्रीनवर यायला क्षणभर लागतो. तो क्षण मला अजून आठवतो.

दादा खिडकीकडे पाठ करून खांबाशी वाकला होता. त्याच्या मागे, हातभर अंतरावर, ती उभी होती. तिचा हात त्याच्या डोक्यावर उचललेला होता.

मी पुन्हा फोन लावला. "दादा, बाहेर ये."

"आता काय झालं?"

"तू आधी बाहेर ये ना..."

"हा एवढा खांब बघतो आणि येतो. आवाजात जरा गडबड वाटतेय."

"दादा, प्लीज..."

"अगं, पाच मिनिटं! लहान आहेस का आता?"

मागे बाई उभी आहे असं सांगितलं असतं, तर तो हसला असता आणि तिथेच थांबला असता. मला माझा भाऊ माहीत आहे. काय केलं तर तो धावत येईल, तेही मला माहीत होतं. मी किंचाळले.

"दादा, मी पडले रे... पाय फाटलाय... रक्त थांबत नाहीये..."

पलीकडून हातोडी खाली पडल्याचा आवाज आला आणि मग नुसती पावलं. जिन्यावरून, दोन-दोन पायऱ्या गाळत धावणारी. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता, की कान दुखायला लागला.

तो दारातून बाहेर आला तेव्हा हेल्मेट वाटेत कुठेतरी पडलं होतं. तोंड पांढरंफटक. मैदान ओलांडून माझ्यापर्यंत पोचला, तर मी धडधाकट उभी.

"कुठे लागलं?"

"कुठेच नाही."

"म्हणजे?" त्याला धाप लागली होती. "म्हणजे काय? जीव काढलास माझा! तुला काही..."

तेवढ्यात आवाज झाला. आधी इमारतीनं लांब सुस्कारा सोडावा तसा. मग पायाखालची जमीन हलली. पहिल्या मजल्याच्या त्या खिडकीतून धुळीचा लोट थेट आमच्यापर्यंत आला आणि सगळी कबुतरं एकदम उडाली. त्या खोलीचा वरचा स्लॅब खाली आला होता. अख्खाच्या अख्खा.

फाटकावरून रखवालदार ओरडत धावत आला. आम्ही दोघं सुखरूप आहोत हे बघून तो मटकन खालीच बसला. दादाही गवतात बसला. आधी हसायला लागला. मग माझा पाय हातात घेऊन, घोटा हलवून बघत म्हणाला, "खरंच लागलं नाही ना?"

मी त्याच्या गळ्यात पडून इतकी रडले, की रखवालदार पाणी आणायला निघून गेला.

नंतर मी त्याला फोटो दाखवला. कापडाखाली आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसलो. भीतीपोटी मी आधी नीट पाहिलंच नव्हतं. तिचा हात दादाच्या डोक्यावर नव्हता, त्याच्या पुष्कळ वर होता. बोट छताकडे होतं. दादानं फोटो मोठा केला. बोटाच्या टोकाच्या वर एक भेग छताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती.

"ही मला दिसलीच नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "पडदा असेल तो."

"आत पडदे होते?"

त्यानं लॅपटॉप मिटला. "वहिनीला सांगू नकोस."

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही आणि मीही बोलले नाही. बोट छताकडे होतं, पण त्या फोटोतही ती दादाकडे बघत नव्हती. लेन्सकडेच बघत होती.

वहिनीला सांगायची गरजच पडली नाही. आम्हा दोघांचे कपडे, केस, भुवया, सगळं धुळीनं माखलेलं. तिनं दारातच सगळं वदवून घेतलं. बाईची गोष्ट सोडून. मग आम्हा दोघांना मिळून जे झापलंय! "अहो, यापुढे मोडक्या इमारतीत पाऊल टाकलंत, तर परत या घरात टाकू नका!" दादा मान खाली घालून "बरं, बरं" म्हणत होता आणि मला गुपचूप डोळा मारत होता. तिनं पानात गरम भात वाढला. मग वहिनीच हसायला लागली, मग आम्ही. कशाला हसत होतो कोण जाणे. दादा समोर जिवंत बसून भात मागत होता, यापरतं मला काही नको होतं.

जेवण झाल्यावर तो सोफ्यावर आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. वहिनी स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला वाटलं, एवढा महाग कॅमेरा जवळ असून आपल्या माणसाचा एक फोटो कधी काढला नाही. मी तो बाहेर काढला, साधी लेन्स लावली आणि सगळं ऑटोवर टाकलं.

भिंतींसाठी मला लागत नाही, पण या कॅमेऱ्यात एक सोय आहे. समोर माणसाचा चेहरा आला की तो आपोआप ओळखतो आणि मागच्या छोट्या पडद्यावर त्या चेहऱ्याभोवती छोटी हिरवी चौकट धरतो. चेहरा हलला की चौकट हलते, तो जवळ आला की चौकट मोठी होते.

दादाच्या चेहऱ्यावर चौकट आली. मी श्वास रोखून बटणावर बोट ठेवलं. आणि चौकट तिथून उडाली. सोफ्याच्या उशाशी रिकामी खुर्ची होती. तिच्या पाठीच्या थोडं वर, हवेत, चौकट जाऊन थांबली. अगदी स्थिर.

मी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. चौकट तिथेच.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. आजारी माणसाच्या उशाशी कोणी बसावं, तशी ती खुर्ची दिसत होती. दादाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात मी म्हणाले, "बाई... फार उपकार झाले तुमचे."

दादा घोरत होता. आत भांडी वाजत होती. चौकट सावकाश वर सरकली, कोणीतरी उठून उभं राहावं तशी.

मग ती मोठी व्हायला लागली. त्या छोट्या पडद्यावर ती वाढत वाढत चारी कडांना टेकली. सबंध पडदा हिरव्या रेघेनं वेढला गेला. क्षणभर तशीच राहिली, आणि विझली.

म्हणजे ती बाई आता कॅमेऱ्याच्या समोर नव्हती, या बाजूला होती, माझ्या.